जोन्सची तुटलेली रेघ

काल रात्री शाईची दौत तशीच उघडी राहिली, ब्रश वाळून कडक झाला. मी तासभर 'आयडिल'चं एकच पान बघत बसले होते. अमेरिकन चित्रकार जेफ्री कॅथरिन जोन्सची ही एकपानी चित्रकथा, १९७०च्या दशकात 'नॅशनल लॅम्पून' या विनोदी मासिकात यायची. पाठमोऱ्या बाईची रेघ खांद्यापाशी जाड सुरू होते, कमरेकडे बारीक होत मध्येच तुटते. उरलेली पाठ आपले डोळे पुरी करतात. एवढा कागद कोरा सोडायला छाती लागते!

जोन्स जन्मली १९४४ साली, अटलांटात. न्यूयॉर्कला येऊन तिने शंभरावर पुस्तकांची मुखपृष्ठं रंगवली. पुढे बर्नी राइटसन, मायकेल कालुटा आणि बॅरी विंडसर-स्मिथ या चित्रकारांसोबत मॅनहॅटनमध्ये 'द स्टुडिओ' ही कामाची सामायिक जागा थाटली. १९८६मध्ये वर्ल्ड फँटसी पुरस्कारही मिळाला.

मराठीत क्रियापदच लिंग सांगून टाकतं. 'आला' की 'आली', पळवाट नाही. जोन्स ट्रान्स स्त्री होती, जन्मापासून मुलगा समजली गेलेली; मी मात्र सगळीकडे 'आली'च लिहिते, तिच्या बालपणासाठीसुद्धा. मी स्वतःही ट्रान्स आहे. माझ्या जुन्या फोटोंकडे बघून आई आता 'ही तेव्हाही हट्टी होती' म्हणते, तेव्हा पोटात काय होतं ते मला ठाऊक आहे.

हार्मोन उपचार तिने १९९८मध्ये सुरू केले, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. २००१मध्ये मन कोलमडलं. घर गेलं, चित्रं काढायची जागाही गेली. तरी काही वर्षांत ती चित्रांकडे परतली आणि २०११मध्ये जाईपर्यंत काढत राहिली.

आज ब्रश कोमट पाण्यात भिजत घातलाय. संध्याकाळी तीच पाठ पुन्हा काढून बघणार आहे.