एक इंच उंचीची अक्षरं

“तुमच्या दुकानात लोक कंबरेला पिस्तूल लावून येतात का हो? आणि तुम्ही येऊ देता?”

साताऱ्याला गेले की पहिल्या दोन दिवसांतच हे कुणीतरी विचारतं. आत्या विचारते, शेजारच्या काकू विचारतात, एकदा तर बँकेच्या खिडकीमागून विचारणा झाली. इकडे अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये नव्याने आलेली मराठी कुटुंबं दुकानात पहिल्यांदा येतात, दारावरची ‘पिस्तूल आणू नका’ अशी भली मोठी पाटी वाचतात आणि गवार निवडता निवडता हळूच तेच विचारतात. गेल्या महिन्यात ऑस्टिनजवळ फराळाचं दुकान काढायच्या तयारीतल्या एका जोडप्याचा फोन आला. त्यांना पाटी लावायची की नाही ते ठरवायचं होतं. तेव्हा म्हटलं, आता हे नीट लिहूनच काढावं.

डॅलसच्या उत्तरेला आमचं वाणसामानाचं दुकान आहे, 2012 पासून. पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, येत होते, आणि पाटी न पाहता अजूनही कुणी येत असेल. शर्टाखालचं पिस्तूल मला दिसत नाही. दुसऱ्याचं उत्तर : नाही, येऊ देत नाही. पण या ‘नाही’पर्यंत पोचायला मला दहा वर्षं लागली.

आधी कायद्याचं सांगते, कारण तिथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. टेक्ससमध्ये लायसन्स काढून पिस्तूल झाकून नेण्याची परवानगी 1 जानेवारी 1996 पासून आहे. ते उघडपणे कंबरेला लावून फिरण्याची मुभा 1 जानेवारी 2016 ला मिळाली. आणि 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या बहुतेक माणसांना लायसन्सचीही गरज उरली नाही. पण दुकान ही खासगी जागा. तिथे मालकाचा शब्द चालतो. फक्त तो शब्द मालकाने उच्चारावा लागतो, नाहीतर त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘या’ असाच धरला जातो. हवाई राज्याने 2023 मध्ये याच्या बरोबर उलट कायदा केला : मालकाने ‘या’ म्हटलं नसेल तर न्यायचं नाही. त्यावरून कोर्टकचेऱ्या थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. आमच्याकडे मात्र बोलण्याची जबाबदारी दुकानदारावर.

ते बोलणंही साधं नाही. पिस्तुलाच्या चित्रावर लाल काट मारून दाराला चिकटवलं की झालं, असं मला वाटायचं. लायसन्सवाल्याला ते चित्र लागू पडत नाही. त्याच्यासाठी कायद्यात ठरलेला मजकूर लागतो, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, उठून दिसणाऱ्या रंगात, आणि प्रत्येक अक्षर किमान एक इंच उंच. झाकलेल्या पिस्तुलासाठी कलम 30.06, उघड्या पिस्तुलासाठी 30.07, आणि लायसन्स नसलेल्यांसाठी 30.05. म्हणजे सगळंच नको असेल तर तीन पाट्या. आमच्या दाराची अर्धी काच त्यातच गेली, गुढीपाडव्याच्या सामानाचा कागद लावायला आता बाजूची भिंत वापरतो.

पहिली पाटी, 30.07 ची, मी 2016 च्या फेब्रुवारीत लावली. त्याचं कारण एक लहान मुलगी.

शनिवारची संध्याकाळ, काउंटरसमोर रांग. एक उंच माणूस दोन पाकिटं हळद आणि आल्याचा मोठा गड्डा घेऊन उभा. कंबरेच्या उजव्या बाजूला होल्स्टरमध्ये काळं पिस्तूल. त्याच्या मागे आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक बाई, त्यांच्या ढकलगाडीतल्या बैठकीवर त्यांची तीन-साडेतीन वर्षांची मुलगी. त्या बैठकीत बसलेल्या मुलाचं तोंड बरोबर मोठ्या माणसाच्या कंबरेच्या उंचीला येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मुलीच्या एका हातात चिक्की होती. दुसऱ्या हाताचं बोट तिने पुढे केलं आणि होल्स्टरच्या कातडी पट्ट्यावरचं बटण चाचपलं, दाराची कडी चाचपावी तसं. माणसाला पत्ता नाही. आई मोबाइलवर काहीतरी शोधत होती. माझ्या हातात त्याची हळद होती, मशिनवर धरायची राहून गेली. मी त्या मुलीला जरा मोठ्याने हाक मारली. तिने बोट मागे घेतलं. एवढंच घडलं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. मला त्या क्षणी आयडाहोमधलं हेडन गाव आठवलं. 30 डिसेंबर 2014 ला तिथल्या वॉलमार्टमध्ये 29 वर्षांची एक आई नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन खरेदीला गेली होती. तिच्याकडे लायसन्स होतं. पिस्तुलासाठी वेगळा चेनचा कप्पा असलेली पर्स तिला नाताळची भेट मिळाली होती. ती पर्स ढकलगाडीत, शेजारी दोन वर्षांचा मुलगा. त्याने कप्पा उघडला, गोळी सुटली आणि आई गेली. ही बाई बेफिकीर नव्हती. गाडीत मूल होतं, पर्स होती आणि तिचं लक्ष क्षणभर दुसरीकडे गेलं. बाजाराला गेलेली कुठली आई अशी नसते?

माझा नवरा पाटीच्या विरोधात होता, आणि त्याची बाजू मी कमी लेखणार नाही. 2013 मध्ये आमच्या दुकानात एक जण रात्री दुकान बंद करायच्या वेळी शिरला, शर्ट वर करून पिस्तूल दाखवलं आणि गल्ला घेऊन गेला. मी पैसे काढून दिले. नवरा मागे गोदामात तांदळाच्या पिशव्या लावत होता, त्याला सगळं उरकल्यावर कळलं. “मी दहा पावलांवर होतो,” हे वाक्य त्याने नंतर कितीदा म्हटलं असेल. त्याने रीतसर वर्ग केला, लेखी परीक्षा दिली, नेमबाजीची चाचणी दिली, लायसन्स काढलं. तो मला नेहमी किलीनचं सांगायचा.

किलीन हे टेक्ससमधलंच गाव. 16 ऑक्टोबर 1991 ला लुबीज नावाच्या खानावळीत एका माणसाने काच फोडून गाडी आत घातली आणि 23 जणांना मारलं. तिथे सुझॅना हप आई-वडिलांबरोबर जेवत होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हा ते जवळ बाळगणं बेकायदा होतं. आई-वडील दोघेही तिथेच गेले. पुढे त्या आमदार झाल्या, आणि झाकून पिस्तूल नेण्याचा कायदा आला त्यामागे त्यांच्या साक्षीचा मोठा वाटा होता. त्या बाईंच्या दुःखापुढे मी काय वाद घालणार? म्हणून 30.06 ची पाटी मी सहा वर्षं लावली नाही. उघडं नको, झाकलेलं चालेल, अशी आमची घरातली तडजोड होती. एचईबीसारख्या मोठ्या दुकानांनीही 2016 ला साधारण हेच धोरण ठेवलं होतं.

ती तडजोड 2022 च्या श्रावणात मोडली. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारा एक सज्जन माणूस, लायसन्सवाला, वीस पौंडांची तांदळाची पिशवी खालच्या फळीवरून ओढायला वाकला. पॅंटच्या आत खोचलेलं पिस्तूल निसटलं, फरशीवर आपटलं आणि गरगरत बटाट्यांच्या टोपलीपाशी जाऊन थांबलं. गोळी सुटली नाही. पण फरशीवर लोखंड आपटल्याचा तो आवाज ऐकून अख्खं दुकान गप्प झालं, नुसता फ्रीजरचा घुमारा ऐकू येत होता. तो बिचारा घामाघूम झाला, माझी दहा वेळा माफी मागितली. माझा त्याच्यावर राग नव्हता, आजही नाही. पण वाणसामानाच्या दुकानात माणूस काय करतो? वाकतो. टाचा उंचावून वरच्या फळीवरचा डबा काढतो. कडेवर मूल घेतो. गर्दीत एकमेकांना खेटून पुढे सरकतो. पिस्तूल बाळगायला याहून वाईट जागा मला दिसत नाही. त्या रात्री नवऱ्यानेच टेप घेऊन काच मोजली.

मग आला 6 मे 2023. आंब्याचे दिवस, शनिवार, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. दुपारी साडेतीननंतर एकदम सगळ्यांचे फोन वाजायला लागले. ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला होता. आमच्यापासून गाडीने वीस मिनिटं. आम्ही दार लावून घेतलं आणि होते नव्हते त्या गिऱ्हाइकांना घेऊन गोदामात बसलो. आठ जण गेले, त्यात लहान मुलं होती, हैदराबादकडची एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. दुसऱ्याच कामासाठी तिथे असलेल्या एका पोलिसाने मारेकऱ्याला टिपलं. पुढचे कित्येक दिवस आमच्या भागातल्या आयांनी मुलांना कपडे घ्यायलासुद्धा बाहेर नेलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात दोन तऱ्हेचे लोक माझ्याकडे आले. काही म्हणाले, पाटी लावलीत हे बरं केलंत. काही कळवळून म्हणाले, पाटी काढा, मारायला आलेला माणूस ती वाचून परत जाणार आहे का, तुम्ही फक्त चांगल्या माणसांचे हात बांधताय. हे मला पटतं. मारेकऱ्यासाठी मी पाटी लावलेलीच नाही. एल पासोच्या वॉलमार्टमध्ये 3 ऑगस्ट 2019 ला जो आला तो द्वेष डोक्यात घेऊन आला होता, 23 जीव गेले, त्याला कुठली अक्षरं अडवणार?

पण त्याच्यानंतर पाचच दिवसांनी मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये काय झालं ते ऐका. वीस वर्षांचा एक मुलगा छातीवर चिलखत, हातात रायफल घेऊन वॉलमार्टमध्ये शिरला. लोक जीव घेऊन पळाले. पिस्तूल जवळ असलेल्या एका माजी अग्निशमन जवानाने त्याला रोखून धरलं. नंतर तो मुलगा म्हणाला, हत्यार बाळगण्याचा माझा हक्क इथे मानला जातो का ते मला तपासायचं होतं. गोळी एकही सुटली नाही. पण तिथल्या गल्ल्यावरच्या मुलीच्या जागी मी स्वतःला कितीदा तरी उभं करून पाहिलं आहे. आत येणाऱ्याच्या हातातलं दिसतं, मनातलं दिसत नाही. हक्क तपासणारा आणि जीव घेणारा एकाच दारातून येतात आणि दोन क्षणांत ओळखायचं कसं? वॉलमार्टने त्याच सप्टेंबरमध्ये गिऱ्हाइकांना उघडी हत्यारं आणू नका अशी विनंती केली, ती मला याचसाठी समजली.

आमच्या गावाकडे वस्तीवर एकाकडे बारा बोअरची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, दसऱ्याला तिच्यावर आपट्याची पानं पडायची. बाजाराला मात्र ती कधी आली नाही. मला वाटतं माझं मन तिथेच घडलं, आणि ते मी इथल्या शेजाऱ्यांपासून लपवत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. आमच्याकडे दर शनिवारी एक आजोबा येतात, इथलेच, सैन्यातून निवृत्त. भेंडी आणि कढीपत्ता नेतात. पाटी लागल्यापासून ते दारापर्यंत येतात, कंबरेला हात लावून पाहतात, आणि विसरले असतील तर परत ट्रककडे जातात. म्हणजे माझ्या पाटीमुळे एक भरलेलं पिस्तूल पार्किंगमधल्या गाडीत राहतं, आणि गाड्या फोडून पिस्तुलं चोरणं हा इथला नेहमीचा उद्योग आहे. मी त्यांना तसं बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी मला ट्रकपाशी नेलं आणि सीटखाली बोल्टने घट्ट बसवलेली लोखंडी पेटी उघडून दाखवली. सगळ्यांकडे ती नसते. म्हणून मी नेहमीच्या गिऱ्हाइकांना आता सरळ सांगते, आमच्याकडे यायचं असेल त्या दिवशी घरीच ठेवा.

तर ऑस्टिनकडच्या तुम्हा दोघांना माझं सांगणं : पाटी लावा, आणि आधी काच मोजा. दारं दोन असतील तर दोन्हींवर लावा, मागचं विसरू नका. स्पॅनिशचा मजकूर स्वतः जुळवू नका, कायद्यात आहे तसाच घ्या. नुसत्या पाटीकडे दुर्लक्ष करून आलेल्याला दोनशे डॉलरपर्यंत दंड होतो, पण तोंडी सांगूनही तो गेला नाही तर गुन्हा मोठा ठरतो, तुरुंगही होऊ शकतो. म्हणून खरं वजन तोंडी सांगण्याला आहे, आणि ते गल्ल्यावर बसलेल्या पोरांना शिकवावं लागतं. चारचौघांत नाही, जवळ जाऊन. आवाज न चढवता. पिस्तुलाकडे बोट न दाखवता. तो हुज्जत घालायला लागला तर आपण मागे व्हायचं आणि पोलिसांना फोन करायचा, बाकी काही नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून पहिल्याच दिवशी मी एक वाक्य दोन-तीनदा म्हणून घेते, आणि गेल्या तीन वर्षांत त्यावर एकच माणूस चिडून गेला :

“सर, तुमची टोपली मी इथे बाजूला ठेवतो, तेवढं गाडीत ठेवून या.”