सी ड्राइव्हमध्ये पाणी मुरत होतं कुठे?

नवीन काही इन्स्टॉल केलेलं नाही, तरी विंडोजच्या सी ड्राइव्हवरची जागा रोज एक-दोन जीबीने घटत होती. डिस्क २५६ जीबीची. विंडोज ती २३८ जीबी दाखवतं. तो फरक मोजणीच्या पद्धतीचा, ती चोरी नव्हे.

डिलीट करण्याआधी मी हिशेब मांडला. वापरलेली जागा २२६ जीबी, आणि सगळे फोल्डर सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये बेरीज आली १३४. उरलेले ९२ जीबी हाच खरा धागा होता. हिडन आणि सिस्टिम फाइल्स दिसतील असं सेटिंग केल्यावर हायबरनेशनची फाइल (कॉम्प्युटर झोपवताना रॅममधला मजकूर जिथे ठेवला जातो ती) ६ जीबी आणि पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर राखलेली फाइल) ८ जीबी निघाली. म्हणजे अजून ७८ बेपत्ता.

मग विझट्री हे डिस्कवरची जागा कशाने व्यापली ते दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करूनच. ते एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइल-व्यवस्थेची, फाइलयादी थेट वाचतं, त्यामुळे बंद फोल्डरही मोजले जातात. 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या फोल्डरमध्ये ७६ जीबी सापडले. एक्सप्लोररला तो उघडता येत नाही, म्हणून बेरजेत त्याचा वाटा शून्य.

तिथे रिस्टोअर पॉइंटच्या (विंडोज बिघडल्यास मागे जाता यावं म्हणून जपलेल्या स्थितीच्या) शॅडो कॉपी, म्हणजे डिस्कवरच्या मजकुराच्या जुन्या प्रती, असतात. रिस्टोअर पॉइंट बनल्यावर डिस्कवरचा एखादा ब्लॉक बदलला, की त्याची जुनी प्रत आधी बाजूला ठेवली जाते. माझ्याकडे व्हर्च्युअल मशीनची (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरची) ४० जीबीची फाइल आहे. तिचा आकार वाढत नाही, पण आतला मजकूर रोज बदलतो आणि त्या बदलांच्या जुन्या प्रती साठत जातात. जागा घटत होती ती अशी. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हीएसएसॲडमिन या शॅडो कॉपी सांभाळणाऱ्या टूलची 'लिस्ट शॅडोस्टोरेज' ही कमांड दिली, तर कमाल मर्यादेपुढे 'अनबाउंडेड' (अमर्याद) लिहिलेलं. लगामच नव्हता!

सिस्टिम प्रोटेक्शन, कॉन्फिगर, मॅक्स युसेज इथे मर्यादा १० जीबीवर आणली. सर्वांत जुने रिस्टोअर पॉइंट आधी उडतात, म्हणून त्यापूर्वी बॅकअप घेतला. तो फोल्डर हाताने डिलीट करायच्या फंदात पडू नका. विनएसएक्सएस या विंडोजच्या घटकांच्या फोल्डरलाही हात लावू नका: त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंक (एकाच फाइलची आणखी एक नोंद) असतात आणि एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतं, म्हणून तो फोल्डर फुगलेला दिसतो. व्हर्च्युअल मशीनची फाइल आता डी ड्राइव्हवर आहे. तिथे सिस्टिम प्रोटेक्शन बंद ठेवलं आहे.