सातवा नंबर

प्री-बुकिंग म्हणजे फोन राखून ठेवला, असं गिऱ्हाइकाला वाटतं. प्रत्यक्षात 2,000 रुपयांत आमच्या वहीत नाव लागतं, बस. कुमठेकर रस्त्यावरच्या आमच्या दुकानात यंदा 23 नावं लागली आणि पहिल्या खेपेला डिस्ट्रिब्युटरने पाठवले 6 फोन. त्यातले 4 निळे. निळा कुणालाच नको होता. वर न खपणारे 10 हँडसेट गळ्यात मारले: हे उचला, तरच पुढचा माल. तोच फोन ऑनलाइन मात्र दोन दिवसांत घरपोच. हे सगळं पोटात ठेवून काउंटरवर हसत उभं राहायचं.

सातव्या नंबरला एक काका होते. काळा, 256 जीबी. रेल्वे मेल सर्व्हिसमधून निवृत्त. पुणे स्टेशनात टपालाचं सॉर्टिंग करण्यात उभी हयात गेलेली. रोज अकराला शटर वर गेलं की हे हजर. ओरडणं नाही. ओरडणारे मला आवडतात खरं तर. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार करतो म्हणतात, पाणी पितात, दहा मिनिटांत थंड होतात. काका स्टुलावर बसून एवढंच विचारायचे, "काय म्हणतोय आमचा फोन?"

"भिवंडीच्या गोदामातून निघालाय, काका."

आठवडाभर तो निघतच होता. मग गणपतीत एकदाचं खरं कारण मिळालं. विसर्जन मिरवणुकीच्या रस्त्यांत आमचाही रस्ता येतो, टेम्पो आत येणार कुठून! पण रस्ते उघडले आणि ती सोयही गेली.

"अगं, पार्सलचा डॉकेट नंबर तरी दे," काका एक दिवस म्हणाले. "भिवंडी म्हणजे चार-पाच तासांचा रस्ता. पार्सल निघालं असेल, तर कुठल्या ना कुठल्या कागदावर असणारच."

कागद होता, पण भलताच. आदल्या संध्याकाळी 2 काळे फोन आले होते. एक पाचव्या नंबरला गेला. सहाव्याने बुकिंग रद्द केलं होतं, म्हणजे पुढचा हक्क काकांचा. मालकांनी तो ओळखीतल्या एकाला द्यायला लावला. त्याचं वहीत नावसुद्धा नव्हतं. बिल मीच केलं. खोक्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा 15 आकडी ओळख नंबर, स्कॅन करत होते तेव्हा वही शेजारी उघडीच होती.

का कोण जाणे, पण मी सांगून टाकलं. "काका, काल आला होता. दुसऱ्याला दिला."

"बिल कोणी केलं?"

"मी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होते. "आणि भिवंडी?"

"भिवंडी आम्ही सगळ्यांनाच सांगतो."

त्यावर ते चक्क हसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. पैसे रोख नकोत म्हणाले, आले त्याच खात्यात परत घालून घेतले, पावतीवर माझी सही घेतली आणि गेले. मालक अजून समजतात, म्हातारा कंटाळून गेला. मीही काही बोललेले नाही.

पुढच्या आठवड्यात 9 काळे आले. मी स्वतःहून फोन लावला.

"मुलीने ऑनलाइन मागवला गं," काका म्हणाले. "कालच आला. भिवंडीहून."