भाच्याला डुशेन, मग माझी कॅरियर टेस्ट

ताईच्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आनुवंशिक आजार. जमिनीवरून उठताना तो आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत वर यायचा, घरात सगळे म्हणायचे अशक्तपणा आहे, शेवटी सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजारांत आलं तेव्हा गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज गाठलं.

माझं लग्न ठरल्यावर मी पण कॅरियर टेस्टचं विचारलं, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी जीनमधला दोष माझ्याकडून मुलांना जाऊ शकतो का, ते बघायची टेस्ट. काउन्सेलर मॅडमनी आधी भाच्याचा जेनेटिक रिपोर्ट मागितला, आणि हे प्लीज लक्षात ठेवा, आधी आजारी मुलाची टेस्ट, मग बाकीच्यांची, कारण या आजाराच्या जीनमध्ये ७९ एक्सॉन, म्हणजे तुकडे, त्यात कुठे बघायचं ते त्याच्याच रिपोर्टवरून कळतं. त्याचे ४५ ते ५० नंबरचे एक्सॉन गायब होते.

मग मॅडमनी कागदावर आमचं घराणं मांडलं, पुरुष चौकोन, बायका गोल, गेलेल्यांवर तिरकी रेघ. आईचा डिचोलीचा भाऊ पायातलं बळ जाऊन विशीच्या आत गेला, घरात देवाचा कोप म्हणत आणि विषय संपत. त्याचा चौकोन काळा, भाच्याचा काळा, म्हणजे आजार असलेले, आणि आईच्या गोलात टिंब, म्हणजे कॅरियर. रक्त न काढताच कळलं, भाऊ आणि नातू दोघांनाही आजार म्हणजे आई नक्की कॅरियर. ती रडायलाच लागली. आई, यात तुझा काय गं दोष!

या जीनची जागा एक्स क्रोमोसोमच्या आखूड भुजेवर आहे, एक्सपी२१. आजार सहसा मुलांना होतो, पण काही मोजक्या मुलींनाही झाला होता, त्यांचा एक्स तुटून दुसऱ्या क्रोमोसोमला जोडला गेलेला आणि तुटलेला दर वेळी इथेच, त्यावरून शोध घेत १९८६ मध्ये जीन सापडला. त्या मुलींचे आभार मानावेसे वाटतात मला.

माझं रक्त एमएलपीएसाठी, म्हणजे प्रत्येक एक्सॉनच्या कॉपी मोजणाऱ्या टेस्टसाठी, मुंबईला गेलं. बाईच्या प्रत्येक एक्सॉनच्या दोन कॉपी हव्यात, माझ्या ४५ ते ५० मध्ये एकेकच निघाली. म्हणजे मी कॅरियर, मुलगा झाला तर त्याला आजाराची शक्यता निम्मी, मुलगी झाली तर ती कॅरियर असण्याची निम्मी. होणाऱ्या नवऱ्याला सोबत नेलं होतं, त्याने स्वतःच विचारलं पुढे काय, तर दिवस गेल्यावर साधारण अकराव्या आठवड्यापासून सीव्हीएस करून, म्हणजे वारेचा छोटा नमुना घेऊन, बाळाला आजार आहे का ते बघता येतं.

अजून एक, कॅरियर बायकांच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आता आई, ताई आणि मी तिघींचा इको करायचाय, आणि साखळी गावच्या मावशीला दोन मुली आहेत, त्याही कॅरियर असू शकतात, म्हणून भाच्याच्या रिपोर्टची झेरॉक्स घेऊन रविवारी तिच्याकडे जातेय.