तीन अंडी जास्त

बँकेत 32 वर्षं कॅश मोजली. नोटांचं पुडकं हातात घेतलं की ते शंभराचं आहे की नव्याण्णवाचं हे मोजण्याआधीच कळतं, असा माझा समज होता. शाखेतल्या लोकांचाही होता. कोस्टारिकाच्या काळ्या वाळूवर एका रात्रीत तो उतरला.

मी चिपळूणची, त्यामुळे कासवं काही नवी नव्हती. वेळासला पहाटेच्या एस्टीने जाऊन टोपलीखालून निघालेली पिल्लं समुद्राकडे सोडताना कितीदा तरी बघितलं होतं. व्हीआरएस घेतल्यावर 2019 च्या एप्रिलमध्ये मी महिनाभर कासवांच्या कामाला कोस्टारिकाला निघाले, तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, वेळास काय वाईट आहे गं?" बरोबरच होतं त्याचं. पण वेळासला येतं ते ऑलिव्ह रिडले, चाळीस-पंचेचाळीस किलोंचं. मला बघायचं होतं लेदरबॅक. तीन-चारशे किलोंचं धूड, पाठीला कठीण कवच नाहीच, नुसती रबरासारखी काळी कातडी आणि तिच्यावर उभे सात कंगोरे. आपल्या देशात ते अंडी घालायला येतं ते थेट अंदमान-निकोबारला. कोस्टारिकात त्याला 'बाऊला' म्हणतात. (स्वयंसेवक म्हटलं तरी राहण्याजेवण्याचे पैसे आपणच भरायचे असतात. भावाला ते अजून सांगितलेलं नाही.)

आमचा तळ कॅरिबियन बाजूला, लिमोन प्रांतात होता. मोईन बंदर आणि तोर्तुगेरो यांच्या मधली वाळूची एक चिंचोळी पट्टी, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कालवा. गाडीरस्ता नाही. केळीच्या बागांमधून जायचं आणि पुढे होडी. केळीच्या घडांवर घालतात त्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या नंतर किनाऱ्यावर वाहून आलेल्या दिसायच्या. तळावर वीज नव्हती. चावणाऱ्या बारीक माश्या मात्र भरपूर.

रात्री गस्त. काळे कपडे, लाल उजेडाची बॅटरी, तीही गरजेपुरती. पांढऱ्या उजेडाने मादी बिचकते आणि अंडी न घालताच परत फिरते. पहिल्याच दिवशी आणखी एक नियम सांगितला होता: किनाऱ्यावर अनोळखी उजेड दिसला की थांबायचं, हटकायला जायचं नाही. 2013 साली 31 मे रोजी मोईनच्या किनाऱ्यावर बाऊलाची घरटी राखणाऱ्या खाईरो मोरा सांदोवालचा खून झाला. सव्वीस वर्षांचा पोरगा. तिथे हे कुणी आवाज चढवून सांगत नाही. सांगतात आणि पुढच्या सूचनेकडे वळतात.

त्या रात्री आम्ही चौघे होतो. पुढे आमचा गस्तप्रमुख, जवळच्याच गावातला, चाळिशीचा, कमी बोलणारा. मला तो 'सेन्योरा' म्हणायचा. साडेअकराच्या सुमारास तो थांबला. समोर पाण्यातून वर आलेला रुंद काळा पट्टा, जणू ट्रॅक्टर गेलाय. पट्ट्याच्या टोकाला ती होती.

आधी ऐकू आला तो तिचा श्वास. भात्यासारखा, मध्येच अडकणारा. मागच्या पायांच्या वल्ह्यांनी ती खड्डा खणत होती. एका वल्ह्याने ओगराळ्यासारखी वाळू उचलायची, अलगद बाजूला ठेवायची, मग दुसऱ्याने. ज्या जागी हात गेला नसता तिथे तिचा पाय जात होता, आणि एवढं सगळं न बघता. डोळ्यांतून चिकट पाणी ओघळत होतं. ते मीठ बाहेर टाकण्यासाठी असतं हे मला ठाऊक होतं. तरी मी मान वळवली.

जागा मात्र चुकली होती. भरतीच्या रेषेच्या खाली, ओंडक्यांच्या अलीकडे. दोन दिवसांत पाणी आत शिरलं असतं. अशा वेळी अंडी पडतानाच पिशवीत घ्यायची आणि हॅचरीत, म्हणजे अंडी राखून उबवायच्या जागेत, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. घाई एवढ्यासाठी की काही तासांत आतला जीव कवचाला चिकटतो. त्यानंतर अंडं हललं, फिरलं की संपलं. एका जर्मन मुलीने पोटावर झोपून खड्ड्यात पिशवी धरली. मोजणीचं यंत्र माझ्याकडे आलं. बसमध्ये प्रवासी मोजायला असतं तसं, अंगठ्याने दाबायचं. मनात म्हटलं, हे आपलं खातं.

अंडी पडू लागली. बिलियर्डच्या चेंडूएवढी, ओली, पांढरी. एक, मग दोन एकदम, मग थांबा, मग तीन. शेवटी पिवळा बलक नसलेली छोटी छोटी, गोट्यांसारखी. ती वेगळी मोजायची. यंत्र म्हणालं 78.

ती वाळू ढकलून खड्डा बुजवू लागली, तेव्हा प्रमुखाने पिशवी उचलली. एकदा हातात तोलली, आणि चालता चालता म्हणाला, "ओचेंता. थोडी वरच." म्हणजे ऐंशी. मी यंत्र दाखवलं. त्याने खांदे उडवले.

हॅचरीत खड्डा हातांनीच खणायचा, पाऊण मीटर खोल, खाली पोट फुगलेला. माझा हात तळापर्यंत पुरेना म्हणून त्यानेच खणला. मग अंडी एकेक करून आत. ही दुसरी मोजणी, आणि नोंदवहीत लिहायची ती हीच. 81.

तीन जास्त! बँकेत कॅश कमी आली की खिशातून भरायची, जास्त आली की सस्पेन्स खात्यात टाकायची आणि साहेबांचं तोंड बघायचं. इथे कुणालाच काही वाटलं नाही. पण मला चैन पडेना. परत येताना मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, न मोजता कसं कळलं तुला?

तो जरा थांबला. म्हणाला, "सेन्योरा, अंडी डझनावर विकली जातात. बाराव्या वर्षापासून मी या पिशव्या उचलतोय." पुढे म्हणाला, तेव्हा वडिलांबरोबर यायचो. अंडी बारमध्ये जायची. पुरुषांना ताकद येते म्हणून कच्ची पितात. "आता पगार मिळतो. पिशवी तेवढीच जड लागते."

नोटा हाताला कळतात म्हणून बत्तीस वर्षं मिरवणारी मी. त्यावर काय बोलणार? चूप चालत राहिले. तळावर पोचलो तर त्याने मला यंत्र दाखवून सांगितलं, तीन एकदम पडली की माणसाचा अंगठा एकदाच दबतो, सगळ्यांचं होतं.

अंडी फुटायला दोन महिने लागतात, मला परतायचं होतं महिन्याने. जून संपता संपता दुपारी, चिपळूणला पाऊस कोसळत असताना, मेसेज आला. तिकडे मध्यरात्र उलटलेली. घरटं उकरून मोजलं होतं: फुटलेली टरफलं 52, आत मेलेली पिल्लं 4, न वाढलेली अंडी 25.

मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर बेरीज मांडली. 81. मग पुन्हा एकदा, खालून वर.