तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशी मुलांपुढे उभं राहण्याआधी

संडे स्कूलचे शिक्षक आणि तरुण संघाचे पुढारी नेहमी विचारतात: आमचे विद्यार्थी सुट्टीत परदेशातल्या मुलांना सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायला जाणार आहेत, त्यांच्याकडून काय पाठ करून घ्यायचं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पाठ करण्यासारखं फार थोडं आहे. तयारीचा बराचसा वेळ बोलणं कापण्यात आणि थांबायला शिकण्यात जायला हवा.

याचं पहिलं कारण दुभाषी. तो मध्ये आला की दहा मिनिटांची गोष्ट वीस मिनिटांवर जाते आणि सहा-सात वर्षांची पोरं चुळबुळ करू लागतात. म्हणून गोष्ट मुळातच पाच-सहा मिनिटांची बसवायची. बायबलमधल्या लूकच्या पुस्तकातल्या 15व्या अध्यायातलं हरवलेलं मेंढरू घ्या. ‘एका माणसाकडे शंभर मेंढरं होती.’ थांबा. ‘एक हरवलं.’ थांबा. ‘तो शोधायला निघाला.’ थांबा. दर वेळी एकच वाक्य, पण पूर्ण. वाक्य अर्धवट सोडलं की दुभाष्याला पुढचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो चुकला तर तुम्हाला कळतही नाही. यमकं, कोट्या आधीच काढून टाका. नजर मुलांवर हवी, दुभाष्यावर नाही. सरावात एका विद्यार्थ्याला दुभाषी करा आणि त्याला कागद अजिबात दाखवू नका. कुठली वाक्यं लांबली ते लगेच समजतं.

स्वतःची साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते, दोन मिनिटांत आटपावी. ‘येशूला हृदयात घे’ हे मोठ्यांचं बोलणं झालं. लहान मूल ते शब्दशः घेतं आणि छातीत माणूस मावणार कसा याचा विचार करत बसतं. ‘येशूवर विश्वास ठेव’ एवढं पुरतं.

शब्दांऐवजी नुसत्या रंगीत पानांवरून सुवार्ता सांगायचं बिनशब्दांचं पुस्तक बहुतेकांच्या पिशवीत असतंच. इंग्रज धर्मोपदेशक स्पर्जन यांनी 1866 साली लंडनमध्ये काळा, लाल आणि पांढरा या तीन रंगांवरून केलेल्या उपदेशापर्यंत त्याचं मूळ जातं. सोनेरी आणि हिरवं पान नंतरची भर. साधन चांगलं आहे, पण डोळे मिटून वापरू नये. सावळ्या मुलांसमोर काळं म्हणजे पाप असं म्हणालात तर मूल आधी स्वतःच्या हाताकडे बघतं. त्या पानाला अंधार म्हणा, कातडीशी त्याचा संबंध येऊच देऊ नका. पांढरा रंग काही समाजांत शोकाचा असतो. स्थानिक चर्चच्या पाळकांना पाचही पानं आधी दाखवा.

सगळ्यात जास्त घोळ शेवटच्या पाच मिनिटांत होतो. ‘कोणाला येशू हवाय?’ असं विचारलं की सगळे हात वर. पाहुण्याला खूश करायचं असतं, शेजारच्यानं केलेलं असतं, किंवा खाऊ मिळेल असं वाटतं. ते हात मोजून घरी अहवाल पाठवणं आम्हाला तरी पटत नाही. त्याऐवजी ‘ज्यांना आणखी विचारायचंय त्यांनी इथे थांबा’ असं म्हणा, आणि थांबलेल्याला विचारा, ‘तू का थांबलास?’ उत्तर त्याच्याच शब्दांत येऊ द्या. विद्यार्थ्यानं ते पुरं करायचं नाही. खाऊ द्यायचाच तर सर्वांना, आणि या प्रश्नाच्या आधी.

कायदा नेत्यानं स्वतः वाचावा. नेपाळच्या 2015 च्या संविधानातलं कलम 26 दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. तिथे उत्साहाच्या भरात झालेल्या चुकीची किंमत स्थानिक मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, मोजते. पालकांची परवानगी कायदा मागो न मागो, घ्यायचीच. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं कलम 14 मुलाला धर्मस्वातंत्र्य देतं, तसंच त्याला वाट दाखवण्याचा आईवडिलांचा हक्कही मानतं.

मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं हवीत. बंद खोलीत एकट्यानं प्रार्थना नाही, परवानगीशिवाय फोटो नाही, फोन नंबरांची देवाणघेवाण नाही. पुन्हा भेटू इच्छिणाऱ्या मुलांची नावं फक्त स्थानिक शिक्षकाकडे द्यायची, तीही निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, मुलं भेटली त्याच संध्याकाळी.