तुम्ही विचारलंत म्हणून: ‘राग चिन्यांवर होता, त्यात आपण कसे?’

अमेरिकेतल्या आशियाईद्वेषाविषयी लिहिलं की हा प्रश्न येतोच. वर ‘आपण तर डॉक्टर-इंजिनिअर’ अशी पुस्ती. २०२० साली ट्रम्प ‘चायनीज व्हायरस’ म्हणाले ते सगळ्यांना माहीत आहे, ते पुन्हा उगाळत नाही. पण ते भाषण त्यांना एकोणिसाव्या शतकापासून आयतं मिळालं होतं, हे मात्र सांगावं लागतं.

या भाषणाची कृती ठरलेली आहे. आधी माणसांचं पाणी करायचं: लोंढा, पूर, लाट. मग मजुरीचा हिशेब, तोही अर्धाच. मग रोगराई. शेवटी ‘हे आपल्यात मिसळत नाहीत’.

अर्धा हिशेब कसा, ते बघा. ‘चिनी स्वस्तात राबतात’ हे पालुपद. जून १८६७ मध्ये सिएरा नेवाडाच्या डोंगरात रेल्वेच्या हजारो चिनी मजुरांनी पगारवाढीसाठी काम थांबवलं होतं. गोऱ्या मजुराला पगाराशिवाय जेवणखाण मिळे, चिन्याला ते पदरचं. कंपनीने शिधा तोडला आणि आठवडाभरात संप मोडला. म्हणजे स्वस्त कोण ठेवत होतं? पण भाषणात कंपनीचं नाव घेतलं की टाळ्या कमी पडतात. तसा डेनिस कर्नी कंपन्यांनाही शिव्या द्यायचा, हे कबूल करायला हवं. १८७७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मोकळ्या मैदानांवर बेकारांच्या सभा घेणारा हा माणूस स्वतः आयर्लंडहून आलेला. पण प्रत्येक भाषणाचा शेवट एकच: ‘चिन्यांनी गेलंच पाहिजे.’ कंपन्या राहिल्या. १८८२ साली चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली. तेव्हा पाच कोटींच्या देशात चिनी होते जेमतेम लाखभर.

रोगराईचं कलम तर नमुनेदार. १८७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने नियम केला: खोलीत माणशी ५०० घनफूट हवा हवी. म्हणजे दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत दोनच माणसं. कागदावर नियम सगळ्यांना, धाडी मात्र चिनी वस्तीत. धरलेल्यांनी तुरुंग इतका भरला की तिथेच माणशी ५०० घनफूट उरेना.

आता ‘आपण’. १९०५ साली सॅन फ्रान्सिस्कोत जपानी आणि कोरियन लोकांना रोखण्यासाठी एक लीग निघाली. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावी लाकूडगिरण्यांतल्या पंजाबी कामगारांना जमावाने मारून गावाबाहेर काढलं. त्याच वर्षाअखेर लीगने नाव बदललं: ‘एशियाटिक एक्स्क्लूजन लीग’. पाटी बदलली, मजकूर तोच.

आणि आपण काय उत्तर दिलं? इथे माझं घोडं अडतं.

अमेरिकेचं नागरिकत्व १७९० पासून ‘गोऱ्या’ माणसालाच मिळे. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाची भर पडली. नोव्हेंबर १९२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन (वंशशास्त्रज्ञांनी ‘गोऱ्या’ वंशाला दिलेलं नाव), तू तो नाहीस. भगतसिंग थिंद अमृतसरकडचा शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहून आलेला. त्याच्या वकिलांनी म्हटलं, वंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानींना कॉकेशियनच म्हणतात, मग द्या नागरिकत्व. त्यांच्या कागदात शीख थिंद ‘उच्चवर्णीय हिंदू’ झाला. इतकंच नाही, उच्चवर्णीय हिंदू लग्नसंबंधाच्या बाबतीत भारतातल्या आदिवासींकडे तसाच बघतो जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो, असंही लिहिलं गेलं. जातीचा दाखला कोर्टात गोरेपणाचा पुरावा म्हणून! या वकिलांत एक होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मराठी कान टवकारतातच.

१९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला, थिंद हरला. न्यायमूर्ती तेच, जॉर्ज सदरलँड. तीन महिन्यांपूर्वी प्रमाण मानलेलं शास्त्र त्यांनी बाजूला सारलं: ‘गोरा’ म्हणजे सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो. आणि सामान्य माणसाला ते शिकवलं कुणी, तर सभांनी आणि वर्तमानपत्रांनी. मैदानावरची बोली अशी कायद्याची व्याख्या झाली. लगेच झळ बसली. कॅलिफोर्नियात नागरिकत्वाला अपात्र परदेशीयाला शेतजमीन घेता येत नसे. पंजाबी शेतकरी त्यात अडकले. मिळालेली नागरिकत्वं रद्द करण्याचे खटले सुरू झाले. वैष्णोदास बगाई या दुकानदाराचं नागरिकत्व गेलं. भारतात जायला पासपोर्ट हवा तर ब्रिटिश घे, असं सांगण्यात आलं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

मी पूर्वी ठासून लिहायचो की मूळ बेकारीत आहे, भाषणं नुसता धूर. बेकारी होतीच. पण १९२३ च्या निकालात मजुरीचा हिशेब कुठे आहे? नंतर उलट टोकाला गेलो, सगळं खापर पुढाऱ्यांवर फोडलं. तेही पटत नाही, कारण थिंदचा कागद कुणा पुढाऱ्याने लिहिला नव्हता. ‘आम्ही त्यातले नाही’ हे आपणच लिहून दिलं.

यावर हमखास विचारतात, मग थिंदने करायचं काय? कायदाच जर ‘गोरा आहेस का’ एवढंच विचारत असेल, तर ‘हो’ म्हणण्यावाचून इलाज काय? मला उत्तर सापडलेलं नाही. पंडितांवर स्वतःवर पाळी आली तेव्हा त्यांनी वेगळी वाट धरली: मी गोरा की काळा ते सोडा, १९१४ साली तुमच्याच कोर्टाने मला नागरिकत्व दिलंय, तो प्रश्न निकाली निघालाय, आता उकरता येणार नाही. १९२६ मध्ये अपील कोर्टाने ते मानलं, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सरकारचा अर्ज घेतला नाही. पंडित वाचले. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं, त्याबरोबर वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला. कायद्यातली वंशाची अट निघायला १९५२ उजाडलं.